सांगणंही शिकावं लागतं

अगं, प्रबंध मान्य झाला, मौखिकी पार पडली, नावाआधी ‘डॉ.’ लागलं. जेजुरीला किती खेपा घातल्यास, वाघ्या-मुरळींची गाणी ऐकून उतरवून घेतलीस, माहात्म्याच्या पोथ्या ताडून पाहिल्यास. आणि परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खंडोबाबद्दल धादांत चुकीचा मजकूर आला, तेव्हा गप्प बसलीस. “कशाला नादी लागायचं ताई, उगाच कुणाच्या भावना दुखावतील,” म्हणालीस. तुझा संकोच मला कळतो. पण मावशीने तो मजकूर आणखी चार ठिकाणी पाठवला आणि खरं काय ते ठाऊक असलेलं एकमेव माणूस हातावर हात ठेवून बसलं. आज मला त्याविषयीच तुझ्याशी बोलायचं आहे.

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या कामात धर्माच्या अभ्यासकांचे लेख वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेलेत. ज्ञानात कुणी कमी नसतं, अडतं ते सांगण्यात. तुम्हाला संशोधन करायला शिकवलं जातं, ते चारचौघांत मांडायला कुणी शिकवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत धर्माच्या अभ्यासाचा वेगळा विभागही नसतो. कुणी मराठीत, कुणी संस्कृतात, कुणी पालीत, कुणी समाजशास्त्रात. जो तो आपापल्या परिषदेत निबंध वाचतो आणि घरी येतो.

आता आळंदीकडे बघ. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. मुलं चार वर्षं ज्ञानेश्वरी नि गाथा शिकतात, पाठांतर करतात आणि त्याच जोडीला लोकांपुढे उभं राहून कीर्तन-प्रवचन करायला शिकतात. नारदीय कीर्तनाची घडणही बघ. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान. धर्माची गोष्ट लोकांना सांगायची तर तालीम लागते, हे आपल्या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कीर्तनकार श्रद्धेतून बोलतो, तू अभ्यासातून बोलणार. पण तालीम दोघांनाही चुकलेली नाही. तिकडे अमेरिकेत बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात ‘सेक्रेड राइट्स’ नावाच्या उपक्रमाने हेच काम हाती घेतलं. धर्माच्या अभ्यासकांना सर्वसामान्य वाचकासाठी लिहायला शिकवायचं, पत्रकारांशी त्यांची गाठ घालून द्यायची. आपल्याकडे असं काही होईल तेव्हा होईल. तोवर ताईकडून चार गोष्टी ऐकून घे.

पहिली गोष्ट लिहिण्याची. तुझ्या प्रबंधात एक वाक्य आहे: ‘खंडोबा-उपासनेत व्यापारी व पशुपालक समूहांचे प्रतीकात्मक एकात्मीकरण विवाहकथांच्या माध्यमातून साधलेले दिसते.’ वाक्यात चूक काही नाही. आता तेच असं सांगून बघ. खंडोबाची थोरली म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, धाकटी बाणाई धनगराची. म्हाळसा गडावर देवाशेजारी असते, बाणाईचं देऊळ गड चढताना वाटेत लागतं. सवतीसवतींचं पटेना म्हणून अशी सोय, असं लोक सांगतात. हाच देव मुसलमान भक्तांचा मल्लूखान होतो, कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा. एवढं वाचलं की पेठेतला वाणी आणि रानातला धनगर एकाच देवाचे सासरे कसे झाले, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपसूक उभा राहतो. मग तुझा सिद्धान्त सांग. तो त्याला आवडीने ऐकावासा वाटेल, कारण प्रश्न आता त्याचाही झालेला असतो. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. ती रीत अभ्यासकालाही शिकण्यासारखी आहे.

लिहिताना भक्ताचा मान राख. ‘भाबड्या जनतेचा समज’ असं लिहिलंस की वाचक तिथेच मिटला. ‘जेजुरीत असं सांगतात’ एवढं पुरतं. पण मान राखायचा म्हणजे अवघड गोष्टी झाकायच्या असं मुळीच नाही. मुरळी म्हणून देवाला मुली वाहण्याची चाल होती, त्यात गरिबाघरच्या पोरींची आयुष्यं गेली, देवाला मुली वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा करावा लागला. हे तू सांगितलंच पाहिजेस, आणि त्या बायकांची गाणी ज्या आस्थेने उतरवलीस त्याच आस्थेने सांगितलं पाहिजेस. इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरीची वाट चालल्या. त्या वाटेवरचं प्रेम त्यांनी भरभरून लिहिलं आणि एकाच दिंडीत जातीजातींची वेगळी चूल त्यांना किती सलली, तेही लिहिलं. ‘परिपूर्ती’तला तो लेख पुन्हा वाच. प्रेम आणि परखडपणा एका लेखात सुखाने नांदतात, हे त्यात दिसेल.

दुसरी गोष्ट, एका प्रश्नाची तयारी ठेव. लोक हमखास विचारतील, “मग हा देव मुळात कुणाचा?” विचारणाऱ्याला बहुधा एकाच शब्दाचं उत्तर हवं असतं आणि ते मिळालं की तो ते दुसऱ्याच्या अंगावर फेकतो. इथे रा. चिं. ढेरे यांची वाट धर. विठ्ठलाचे धागे त्यांनी गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेले, दक्षिणेशी असलेलं नातं उलगडून दाखवलं. महाराष्ट्राच्या लाडक्या दैवताबद्दल हे बोलणं सोपं नव्हतं. पण त्यांनी एकेक पुरावा वाचकापुढे मांडला, त्याला सोबत घेऊन वाट चालले. १९८४ च्या त्या ग्रंथाचं नावच ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’, आणि १९८७ साली साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. तूही कुणाचा देव हे सांगण्याआधी कोणकोण या देवाकडे कसे आले ते सांग. ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या गोष्टीत आपली जागा सापडली पाहिजे.

तिसरी गोष्ट वाहिन्यांची. चंपाषष्ठी जवळ आली की फोन येईल, “मॅडम, संध्याकाळी चर्चेला येता का?” लगेच हो म्हणू नकोस. चर्चेचा विषय नेमक्या कोणत्या शब्दांत मांडलाय, समोर कोणकोण आहे, थेट प्रक्षेपण आहे की आधी चित्रित करणार, बोलायला वेळ किती, हे सगळं विचार. चौघांना चार चौकटींत बसवून भांडायला लावायचं असेल तर सरळ सांग, “यात मी नाही, पण पाच मिनिटांची मुलाखत घेणार असाल तर येते.” नकार दिल्याने कुणाचं नाव खराब होत नाही. जायचं ठरलं तर तीनच मुद्दे कागदावर लिहून ने आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिल्या वाक्यातच सांगून टाक, कारण दुसऱ्या वाक्याला तोडणारा कुणीतरी बसलेलाच असतो.

आणखी एक, हे फार जपून लक्षात ठेव. “काही जण असं म्हणतात की अमुक, पण ते खरं नाही,” असं कधी बोलू नकोस. पहिला अर्धा भाग कापून तुझ्या नावावर फिरवला जाईल. “अमुक समज चुकीचा आहे, कारण…” अशी सुरुवात कर. वाक्य सुटं काढलं तरी अर्थ उलटणार नाही, असं बांध. वर्तमानपत्रात मथळा तू देत नसतेस, उपसंपादक देतो. म्हणून लेख पाठवताना दोन मथळे तूच सुचव, पुष्कळदा त्यांतलाच एक लागतो. आणि खंडोबावर बोलायला बोलावून वेदांवर किंवा कालच्या कोर्टाच्या निकालावर विचारलं, तर “तो माझा अभ्यासाचा विषय नाही, पण त्यातल्या जाणकाराचं नाव देते,” असं म्हण. तुझा शब्द त्यामुळे जास्त वजनदार होतो.

चौथी गोष्ट भीतीची. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जमाव घुसला, पुस्तकं-हस्तलिखितांची नासधूस झाली. आपल्या पिढीच्या मनातून तो दिवस जात नाही. म्हणूनच कायदा नीट माहीत करून घे. पूर्वीचं दंडसंहितेचं कलम २९५अ, आताच्या भारतीय न्याय संहितेत २९९. त्यात धर्मभावना दुखावण्याचा गुन्हा ठरायला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेली कृती लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच हा हेतूचा मुद्दा स्पष्ट केला आहे. एवढ्यावर कुणी तक्रार करायचं थांबेल असं नाही. पण तुझ्या प्रत्येक विधानामागे पोथीचं पान, मुलाखतीची तारीख, ध्वनिमुद्रण जपून ठेवलेलं असेल तर तुझी बाजू भक्कम राहते. लेख देण्याआधी एका वकील मैत्रिणीला आणि एका श्रद्धाळू नातेवाइकाला वाचायला दे. दोघांच्या शंका वेगळ्या असतील, दोन्ही कामाच्या असतील.

बाईने देवाधर्मावर तोंड उघडलं की काही लोक मुद्दा सोडून बाईवरच घसरतात, हेही तुला सांगून ठेवते. शिवीगाळीला उत्तर देऊ नकोस. धमकीचा स्क्रीनशॉट काढ, तारखेसह जपून ठेव, घरात सांग, गरज पडली तर सायबर पोलिसांकडे जा. पण रागावलेला प्रत्येक माणूस शिव्या द्यायला आलेला नसतो. पुष्कळांना खरंच वाईट वाटलेलं असतं. त्यांना दोन ओळी लिही, “तुम्ही लहानपणापासून काय ऐकलंत ते मला सांगाल का?” तुझ्या पुढच्या लेखाची सामग्री कधी कधी अशाच पत्रांतून येते.

या कामाचं काही मिळेल का, असंही तुझ्या मनात असेल. खरं सांगते, बढतीच्या गुणांत पुरवणीतल्या लेखाला शोधनिबंधाची किंमत नाही. व्हायला हवी, त्यासाठी तुम्ही मुलींनी आपापल्या विभागांत आवाज उठवायला हवा. मार्गदर्शकांकडे आग्रह धरा की प्रबंधासोबत सामान्य वाचकासाठी एक लेखही लिहून घ्या. व्याख्यानाचं मानधन विचारायला लाजू नकोस.

आणि एवढं करून कुणाला काय फरक पडतो, असं वाटलं तर धर्मानंद कोसंबी आठव. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण. शिक्षणाची सोय नाही, घरची शेती बघणारा. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याने जन्माची दिशा बदलली. घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले, पाली शिकला. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनावर काम केलं आणि शिकलेलं सगळं मराठीत आणून ठेवलं. ‘भगवान बुद्ध’ आजही लोक वाचतात. मुलांसाठी सोप्या मराठीत कुणीतरी लिहिलं, म्हणून एवढा मोठा अभ्यासक घडला. लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नसेल.

तेव्हा आता टाळाटाळ नको. म्हाळसा-बाणाईवर आठशे शब्द लिही. पहिला खर्डा ज्या वाघ्याने तुला गाणी दिली त्याला वाचून दाखव. त्याला जिथे पटणार नाही तिथे खूण कर, त्याच्याशी बोल. तुझा पुरावा पक्का असेल तर वाक्य ठेव, पण ते त्याच्या तोंडावर म्हणता येईल असं करून ठेव. मग माझ्याकडे पाठव. मी लाल पेन घेऊन बसेन, हातचं काही राखणार नाही. गाणी त्या लोकांनी तुला विश्वासाने दिली आहेत. त्यातून तुला काय कळलं, हे ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.