इंजिनाचे तेल गळते तेव्हा

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीखाली सकाळी फरशीवर काळसर डाग दिसला, की घरातील वडीलधारी मंडळी दोहोंपैकी एक उपाय सुचवितात. ‘गाडी जुनी झाली, अधूनमधून तेल ओतीत राहा’ हा एक. ‘सील बदलून टाका’ हा दुसरा. पहिला उपाय आळसाचा आहे आणि दुसरा अर्धवट आहे. सील गळते त्याला काही कारण असते. ते न शोधता नवे सील बसविले, तर काही महिन्यांत तेही गळू लागते. म्हणून हात काळे करण्यापूर्वी हे सील मुळात तेल अडविते कसे, ते पाहू.

इंजिनातील दट्टे वर-खाली धावतात. त्यांच्या धावण्याचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या पोलादी दांड्यास भुजादंड म्हणतात. गॅरेजात त्यालाच क्रँक म्हणतात. हा दांडा ज्या पेटीत फिरतो तिच्यात सतत तेल उडत असते, आणि त्याची दोन्ही टोके तर पेटीच्या बाहेर यावी लागतात. पुढच्या टोकावर पट्ट्यांच्या पुल्या, मागच्या टोकावर जड गतिचक्र व क्लच. फिरता दांडा भिंतीतून बाहेर यावा, पण तेल येऊ नये, अशी ही अडचण आहे.

पूर्वीच्या यंत्रज्ञांनी ती नाना प्रकारे सोडविली. जुन्या जीपगाडीत दांड्याभोवती चक्क तेलकट दोर गुंडाळलेला असे. अँबॅसडर गाडीच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या इंजिनात तर मागच्या टोकास सीलच नव्हते! दांड्यावर आट्यांसारखी खाच कोरलेली असे आणि फिरताना ती तेल आत ढकलीत असे. दांडा थांबला की ढकलणेही थांबे. त्यामुळे चढावर उभ्या केलेल्या अँबॅसडरखाली थेंब दिसला, तर जाणते मालक फारसे दचकत नसत. आजचे सील मात्र कातड्याच्या धंद्यातून जन्मले. जर्मनीतील वाइनहाइम गावी १८४९ साली स्थापन झालेली फ्रॉयडेनबर्ग ही कातडी कमावणारी पेढी १९२९ च्या सुमारास कातड्याची सीले बनवू लागली. वाल्टर झिमर या तिच्या इंजिनिअराचे नाव त्या सीलास मिळाले आणि १९३६ साली कातड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. सायकलच्या पंपातील कातड्याचा वायसर ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

रबरी सीलास आतल्या बाजूने पातळ ओठ असतो आणि त्या ओठाभोवती बारीक तारेची कडी-स्प्रिंग असते. ती ओठास दांड्यावर अलगद दाबून धरते. परंतु ओठ दांड्यास कोरडा घासत नाही. दोहोंमध्ये केसाहून कितीतरी पातळ असा तेलाचा थर असतो, आणि ओठाच्या कडेवरील अतिसूक्ष्म चढउतार ते तेल सतत आत परतवीत राहतात. म्हणजे सील ही बाटलीच्या बुचासारखी निर्जीव अडवणूक नव्हे, तो एक इवलासा पंपच आहे.

या ओठाचे कष्टही मोजून पाहावे. समजा, दांड्याचा व्यास ३० मिलिमीटर आहे आणि तो मिनिटाला ३००० फेरे घेतो. एका फेऱ्यात ओठाखालून सुमारे ९४ मिलिमीटर पृष्ठभाग सरकतो. सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ४·७ मीटर. तासाचा हिशेब केला, तर जवळजवळ १७ किलोमीटर! एवढी मजल तो एकाच जागी बसून मारतो, आणि तीही तापलेल्या तेलात. हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि सुलतान बाजाराच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. तेव्हा रबर अधिकच भाजून निघते, कडक होते व ओठाची लवचिकता जाते.

पण दोष नेहमी रबराचाच असतो असे नाही. दट्ट्यांच्या रिंगांवरून थोडा वायू खालच्या पेटीत उतरतोच. तो बाहेर नेणारी नळी काजळीने तुंबली, तर पेटीतील दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे सीलाच्या ओठाखालून, वाट काढते. अशा वेळी शंभर सीले बदलली तरी व्यर्थच. तेव्हा आधी ती नळी काढून स्वच्छ करावी. चालू इंजिनाचे तेल ओतावयाचे झाकण जपून सैल करून पाहावे; आतून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत आणि काम मोठे आहे. दुसरी फसगत अशी, की इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या गॅस्केटातून ओघळलेले तेलही खाली सीलापाशीच जमते. इंजिन पुसून कोरडे करावे, थोडा वेळ चालवावे, मग बंद करून विजेरीच्या उजेडात ओघळ वरून खाली तपासावा. सर्वांत उंच ओली जागा हीच गळतीची जागा.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी मालकाच्या हाती पडली आणि २०१४ साली उत्पादन थांबले; तरी ती अजून कित्येक घरांच्या दारात उभी आहे. तिचे पुढचे सील घरी बदलता येते. मागचे सील इंजिन व गिअरपेटी यांच्या मधोमध असते. त्यासाठी गिअरपेटी उतरवावी लागते. ते काम गॅरेजवाल्याकडेच द्यावे, आणि लवकर द्यावे, कारण ते तेल क्लचच्या तबकडीवर गेले की क्लच घसरू लागतो.

इंजिन पूर्ण थंड असावे, जमीन सपाट असावी, बॅटरीची ऋण तार सोडलेली असावी. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी भक्कम आधारांवर बसवून, जमिनीवरील चाकांना अटकाव लावून, ती ढकलून हलत नाही अशी खात्री केल्यावाचून कोणीही तिच्याखाली हातसुद्धा घालू नये. विद्यार्थ्यांनी तर हे काम जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच करावे.

बाहेरचा पट्टा काढण्यापूर्वी क्रँकचा मधला बोल्ट सैल करावा. तो हट्टी असतो. साथीदाराने गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेक दाबून धरावा. मग पट्टा, पुली व आवरण काढले की दातेरी पट्टा दिसतो. झडपा केव्हा उघडाव्या, ते हाच पट्टा ठरवितो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्या दंडाचा एक होतो, आणि हे नाते एका दात्यानेही चुकता कामा नये. म्हणून इंजिन चालते त्याच दिशेने पान्याने फिरवून खालच्या व वरच्या खुणा जुळवाव्या, रंगाने स्वतःच्याही खुणा कराव्या, आणि पट्टा निघाल्यावर काहीएक फिरवू नये. पट्टा तेलाने भिजला असेल, तर तो धुऊन वापरण्याची काटकसर करू नये. तेल पिऊन फुगलेला पट्टा वाटेत दगा देतो. कित्येक इंजिनांत तर त्यामुळे दट्टे झडपांवर आदळतात.

दातेरी पुलीमागची लहानशी पोलादी चावी वाटीत जपून ठेवावी. आता सील समोर येते. ते किती खोल बसले आहे, ते काढण्यापूर्वीच मोजून लिहून ठेवावे. नंतर बाकदार आकड्याने ते हळूहळू उचकटावे. पेचकसाचा एक ओरखडा दांड्यावर पडला, तर कोणतेही नवे सील तो भरून काढीत नाही. जुने सील घेऊनच सिकंदराबादच्या राणीगंजात जावे. आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी हे तिन्ही आकडे पडताळावे.

दांडा पुसून त्यावर नख फिरवावे. नख अडकले, तर जुन्या ओठाने पोलादात चर पाडला आहे. मऊ रबर पोलाद झिजविते हे नवलाचे वाटेल, पण रबरात रुतलेली धूळ तेथे कानशीचे काम करते. अशा वेळी जागा असल्यास नवे सील मिलिमीटरभर पुढेमागे बसवावे, म्हणजे ओठास न झिजलेला भाग मिळतो.

स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठास स्वच्छ तेल लावावे. मात्र टेफ्लॉनच्या ओठाचे सील असल्यास ते कोरडेच बसवावे. चावीच्या खाचेची धार ओठास कापील, म्हणून तिच्यावर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळून सील सरकवावे. मग सीलाच्या कडेएवढ्या रुंद नळीचा तुकडा टेकवून चहूबाजूंनी हलके ठोके द्यावे. तिरपे गेलेले सील पहिल्याच दिवशी गळते.

जोडणी उलट क्रमाने करावी आणि बोल्ट पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, ते पाहावे. मध्येच अडले, तर जोर न करता पट्टा पुन्हा उतरवावा. तेलाची पातळी पाहावी आणि मगच इंजिन सुरू करावे.

पुढील आठवडाभर रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे आणि इंजिनाच्या पुढच्या टोकाची जागा त्यावर पेन्सिलीने आखून ठेवावी. वातानुकूलनाचे स्वच्छ पाणी कागद फक्त भिजवील, रेडिएटरचे पाणी रंगीत डाग पाडील, आणि काळसर, चिकट थेंब आखलेल्या जागी पुन्हा उमटला, तर प्रथम ती वायू नेणारी नळी काढून पाहावी.