तोंडी हुकूम, लेखी उत्तर

‘उद्यापासून येऊ नका’ हे वाक्य बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. केबिनचं दार लोटून ते हळू आवाजात सांगितलं जातं, आणि ज्याला सांगितलं त्याच्याकडूनच एक कागद लिहून घेतला जातो. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरचं असंच झालं. दहा-अकरा वर्षांची नोकरी. रिजेक्ट झालेला माल ओके करून पाठवायला त्याने नकार दिला होता, तोही लेखी. पंधरवड्यात एचआरचं बोलावणं आलं. मोबाइल आधीच सिक्युरिटीकडे ठेवून घेतला होता. टेबलावर कोरा कागद आणि पेन. ‘‘राजीनामा लिहा, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो. नाहीतर भंगारचोरीत नाव जाईल, मग अख्ख्या एमआयडीसीत तुम्हाला कोणी उभं करणार नाही.’’ त्याने लिहून दिलं.

पुढे जे काही त्याच्या पदरात पडलं त्याची तजवीज त्याच रात्री झाली. चुलत भाऊ बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेत काम करणारा. त्याने ना धीराचे शब्द ऐकवले, ना कंपनीला शिव्या घातल्या. ‘‘दादा, आधी मेल टाक. जेवू मग,’’ एवढंच म्हणाला. मेल जेमतेम चार ओळींचा: आज दुपारी अमुक वाजता, अमुक दोघांसमोर, पोलीस केसची धमकी देऊन माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला, तो माझ्या मर्जीचा नाही, मी तो मागे घेत आहे, कामावर यायला मी तयार आहे. हाच मजकूर दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने गेला आणि पोचपावती जपून ठेवली गेली. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा म्हणजे खरं तर कामावरून काढणंच, हे न्यायालयात मांडता येतं. पण दोन महिने गप्प बसून फुल अँड फायनलचे पैसे खात्यात आल्यावर मांडलं, तर ते कोणाला पटत नाही.

राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला तो गेटवर हजर होता. पंचिंग मशीनने कार्ड घेतलं नाही, सिक्युरिटीने आत सोडलं नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरूनच त्याने दुसरा मेल पाठवला: मी कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही. गेटपर्यंत जाऊन हात हलवत परत यायचं हे लोकांना खुळेपणाचं वाटतं. पण ‘विनापरवाना गैरहजर’ हा मालकाच्या भात्यातला सर्वांत वापरलेला बाण आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नाव आपोआप कमी होतं, असा त्या कारखान्याचा स्थायी आदेश. कामगाराचं म्हणणं, मी आलो होतो, मला गेटवरच अडवलं. न्यायालयाने सांगितलं की नियम काहीही असो, माणसाचं म्हणणं ऐकून न घेता त्याचं नाव हजेरीपटावरून उडवता येणार नाही. त्याला निम्म्या मागील पगारासह कामावर घ्यायला लावलं. चाकणच्या कंपनीने आधी ‘आपला राजीनामा मंजूर’ असं पत्र धाडलं आणि महिन्याभराने, बहुधा वकील बदलल्यावर, ‘आपण विनापरवाना गैरहजर आहात’ असं दुसरं. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली की आणखी काही बोलायची गरज उरत नव्हती.

यानंतरचा प्रश्न मात्र कठीण होता. कामगार न्यायालयात जायचं, तर तो कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ होता का? नेमणूकपत्रावर हुद्दा होता ‘सीनियर ऑफिसर’. गेली कित्येक वर्षं कारखान्यांत ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर अशा पदव्या सढळ हाताने वाटल्या जातात. त्यात मोठेपणा असतो, तसा मतलबही असतो. पण न्यायालय पाटी वाचत नाही, काम बघतं. हाताने, तांत्रिक ज्ञानाने किंवा कारकुनी स्वरूपाचं काम करणारा माणूस कामगार ठरतो. ज्याचं मुख्य काम व्यवस्थापनाचं आहे, तो ठरत नाही. देखरेखीचं काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा आहे: जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात महिना १०,००० रुपये, आताच्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. हा गडी दिवसभर व्हर्नियर आणि गेज घेऊन लाइनवर उभा असायचा. त्याच्या अक्षरातले तपासणी अहवाल होते. स्वतःची रजा मंजूर करून घ्यायला तो दुसऱ्याच्या सहीसाठी फिरायचा, त्याच्या सहीने कोणाची रजा मंजूर झालेली नव्हती. ते रजेचे जुने फॉर्म सहकाऱ्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि कामी आले. नोकरीत असताना नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, कामाचे मेल यांची एक प्रत घरी असावी ती यासाठी. काढल्याच्या दिवशी ऑफिसचा लॉगिन सर्वांत आधी बंद होतो. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचा गोंधळ आणखी वेगळा. विक्रीचं काम म्हणून ते औद्योगिक विवाद कायद्यातले कामगार नव्हेत, असं १९९४ साली ठरलं, पण १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या कायद्याने त्यांना त्या छत्राखाली घेतलं होतं.

महाराष्ट्रात एक सोय जास्तीची आहे, आणि तिच्याबद्दल फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने, ज्याला कामगार वर्तुळात नुसतं ‘पल्प’ म्हणतात, अनुचित कामगार प्रथांची यादीच दिली आहे. सूडबुद्धीने काढणं, धडधडीत खोटं कारण देणं, फौजदारी प्रकरणात खोटं अडकवणं, गैरहजेरीचा बनाव करणं, किरकोळ चुकीला जबर शिक्षा देणं, हे सगळं त्यात आहे. थेट कामगार न्यायालयात तक्रार करता येते, अंतरिम आदेश मागता येतो. अट एकच मोठी: घटनेपासून ९० दिवसांत. आपल्या माणसाने हाच रस्ता धरला. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांना मात्र तो सहसा खुला नसतो. मूळ कंपनी ‘हा आमचा माणूसच नव्हे’ म्हणाली, तर ते नातं आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने सिद्ध करावं लागतं, असं २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे.

दुसरा रस्ता कामगार आयुक्तालयाचा. मागणीपत्र द्यायचं, समेट अधिकाऱ्यापुढे तारखा करायच्या, ४५ दिवसांत काही निघालं नाही तर एकट्यानेही पुढे जायचं. युनियन पाठीशी असलीच पाहिजे असं नाही. जुन्या कायद्यात यासाठी काढल्यापासून तीन वर्षं मिळत. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी संहिता लागू झाली आणि मुदत दोन वर्षांवर आली. केंद्राने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही, तरी कोणत्या कायद्याखाली जायचं हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं आणि मनात ९० दिवसच धरावेत. ‘साहेब परत बोलावतील’ या आशेवर कित्येकांची मुदत गेलेली आहे.

प्रत्येक बडतर्फी अन्यायाची असते असंही नाही. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये ऑगस्ट १९८३ मध्ये एक हेल्पर सकाळी अकरा चाळीसला लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, बडतर्फ केलं गेलं. खालच्या न्यायालयांना शिक्षा जास्त वाटली आणि प्रकरण वर चढत गेलं. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. याआधी तीनदा गैरवर्तनात सापडून तो थोडक्यात सुटला होता, हे त्याला भोवलं. किरकोळ मेमोकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मेमोला त्याच आठवड्यात लेखी उत्तर गेलंच पाहिजे, मग मेमो कितीही फालतू असो.

औरंगाबादच्या एका खाजगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेने नेमकं हेच केलं. २००५ साली महापालिकेने शाळेच्या इमारतीला मालमत्ता कराचं बिल लावलं, तेव्हा मुख्याध्यापिकेने शिक्षकांनाच दरमहा १,५०० रुपये भरायला सांगितलं. या बाई नाही म्हणाल्या. त्यावर पंचवीस मेमो आले. प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलं. मग निलंबन, आणि २००७ मध्ये सेवासमाप्ती. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण आहे, तिथे ३० दिवसांत अपील करावं लागतं. न्यायाधिकरणाने पूर्ण मागील पगार दिला, उच्च न्यायालयाने तो काढून घेतला. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिला आणि देशभर उपयोगी पडणारी गोष्ट सांगितली. बेकायदा काढलं असेल, तर सेवा अखंड धरून मागील पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम. कर्मचाऱ्याने मधल्या काळात आपल्याला नोकरी नव्हती, किंवा कमी पगाराची होती, एवढं शपथेवर सांगायचं. तो चांगलं कमवत होता हे सिद्ध करायचं ओझं मालकावर.

चाकणचा इन्स्पेक्टर मधल्या काळात मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये निम्म्या पैशांत राबत होता. ते लपवावं असं त्याला कोणीतरी सुचवलं होतं. त्याने शपथपत्रात सरळ लिहिलं, मजुरीच्या आकड्यासकट. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाला तिथे काहीच सापडलं नाही, आणि थोड्याच दिवसांत तडजोडीचा निरोप आला. त्याला परत जायचं नव्हतं. जिथे आपल्यावर चोरीचा आळ घ्यायला निघाले होते तिथे रोज डबा घेऊन कसं जायचं, हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

तडजोडीचा मसुदा त्याने दोनदा परत पाठवला. पहिल्यात एकच ढोबळ रक्कम होती, त्यात ग्रॅच्युइटी गुंडाळलेली. ग्रॅच्युइटी वेगळी दाखवायला लावली: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. दुसऱ्या मसुद्यात सेवेची शेवटची तारीख राजीनाम्याची टाकली होती. ती बदलून तडजोडीची करून घेतली, त्यामुळे वर्षं वाढली, रक्कमही वाढली. राजीनामा मागे घेतल्याचा उल्लेख मसुद्यात आला, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतली बाहेर पडल्याची तारीखही त्याप्रमाणे दुरुस्त झाली. अनुभव प्रमाणपत्राचा मजकूर त्याने जोडपत्र म्हणून तडजोडीलाच लावून घेतला आणि न्यायालयासमोर सही करण्याआधी कंपनीच्या लेटरहेडवरची सही-शिक्क्याची प्रत हातात घेतली.