घाटातला पाऊस आणि स्वाराचे कपडे

जून-जुलैत पुण्याहून वाई, महाबळेश्वरमार्गे पोलादपूरला उतरणाऱ्या मोटारसायकलस्वाराला एकाच दिवसात तीन हवामाने भेटतात. वाईपर्यंत दमट उकाडा, पसरणीचा घाट चढताना भुरभुर, सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात धुके आणि झोडपणारा पाऊस. आंबेनळी घाट उतरून कोकणात आले की पुन्हा घाम. उंचीमुळे तापमान काही अंशांनीच उतरते. स्वाराला खरा गारठवतो तो ओल्या कपड्यांवरून वाहणारा वारा. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते आणि कपडा वाऱ्याने वाळू लागला की त्यातही ऊबच खर्ची पडते.

प्रस्तुत लेखकाची चूक याच वाटेवर झाली. अंगात सुती टी-शर्ट, जीन्स, वर जाळीचे जॅकेट. रेनकोट बॅगेच्या तळाशी. वाईत ऊन होते म्हणून तो काढला नाही, पाचगणीत ‘आता महाबळेश्वरलाच थांबू’ म्हणून काढला नाही. आंबेनळीच्या उतारावर बोटे इतकी बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातो आहे हेच कळेना आणि एका वळणावर गाडी कडेच्या खडीत जाऊन आडवी झाली. खरचटण्यावर निभावले, पण दरी तिथून चार पावलांवर होती.

म्हणून निवड अंगालगतच्या कपड्यापासून करावी. सुती कापड पाणी धरून ठेवते. खेळाडू वापरतात तसा पातळ पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा बनियन लवकर वाळतो. त्यावर जॅकेट, कोपर-खांदे-पाठीला संरक्षक पॅड असलेले. युरोपीय मानकानुसार अशा कपड्यांना ए, डबल ए, ट्रिपल ए अशी चढती श्रेणी असते. लांबच्या प्रवासाला निदान डबल ए पाहावी.

दुकानात ‘तिन्ही ऋतूंना चालेल’ म्हणून आतून काढता-घालता येणारे जलरोधक अस्तर असलेले जॅकेट पुढे केले जाते. सह्याद्रीच्या संततधारेत ते अपुरे पडते. अस्तराने अंग कोरडे राहते, पण बाहेरचे कापड भिजून जड होते, खिशांत पाणी साचते आणि वारा त्या ओल्या कापडालाच थंड करत राहतो. शिवाय अस्तर लावायला भर पावसात जॅकेट उतरवावे लागते. त्यापेक्षा जॅकेटवरून चढेल असा एक माप मोठा, भडक रंगाचा वेगळा रेनकोट आणि पँट बरी. दोन्ही बॅगेत सर्वांत वर ठेवावेत आणि घाटाच्या पायथ्याशी, अंग कोरडे असतानाच चढवावेत. पँटचा पाय सायलेन्सरला टेकला तर वितळतो. तो आवळायला पट्टी हवी.

पाणी शिरते ते सांध्यांतून. हँडल धरल्यावर बाही वर सरकते, म्हणून माप घेताना गाडीवर बसून पाहावे. हात खाली झुकत असतील तर ग्लोव्हजचे तोंड बाहीच्या आत, नाहीतर ओघळ थेट बोटांपर्यंत जातो. पँट बुटांच्या बाहेरून यावी. हेल्मेटची काच धुक्यात आतून धूसर होते. ती केसभर उघडी ठेवावी किंवा वाफरोधक पातळ काच आतून बसवून घ्यावी.

मुक्कामी ओले कपडे पंख्याखाली पसरावेत, शेगडीजवळ नव्हे. उष्णतेने जलरोधक थर सुटतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की ओल शोषली जाते. झोपण्याआधी ते एकदा बदलावेत.