कुत्रं किती वर्षं जगतं?

कुत्रा हा आपला जुना राखणदार. सोलापूर, सांगोला भागांत धनगराच्या वाड्यावर कारवानी कुत्रा दिसतो. शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ कुत्रा तर २००५ साली टपालाच्या तिकिटावर आला.

असं कुत्रं किती वर्षं जगेल? एक म्हणतो, "मोकळं सोडलं की जास्त जगतं." दुसरा म्हणतो, "छे, बांधून ठेवलं की जास्त जगतं." दोघेही आपापल्या एकेका कुत्र्याचा दाखला देतात. पण ज्वारीच्या एका कणसावरून साऱ्या शेताचा उतारा सांगता येतो का? तसंच हे.

मग काय करावं? पुष्कळ कुत्र्यांची माहिती वहीत लिहावी. नर की मादी, वजन किती, खाणं किती, बांधलेलं की मोकळं, लस टोचली की नाही, आणि किती वर्षांचं होऊन मेलं. प्रत्येक बाबीला एक रकाना करावा. कुत्र्यागणिक बदलणाऱ्या अशा बाबीला गणितात 'चल' म्हणतात. काही चल आकड्यांत लिहितात, जसं वजन. काही शब्दांत, जसं नर-मादी.

इथे एक फसगत होते. समजा, बांधलेली सगळी कुत्री लहान चणीची आहेत, आणि मोकळी सगळी मोठ्या चणीची. बांधलेली जास्त जगली. हे दोरीमुळे की चणीमुळे? सांगता येणार नाही. कारण फार मोठ्या चणीच्या जाती बहुधा लहान जातींपेक्षा कमी जगतात. म्हणून लहानाची तुलना लहानाशी, मोठ्याची मोठ्याशी करावी. एक चल तपासायचा, तर बाकीचे होईल तितके सारखे ठेवावेत.

अमेरिकेत असंच केलं. लॅब्राडोर जातीच्या ४८ पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या. जोडीतली पिल्लं एकाच विताची. एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी खाणं दिलं. २००२ साली निकाल छापला. जास्त खाणाऱ्यांपैकी निम्मी ११.२ वर्षांच्या आत मेली. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मी १३ वर्षांपर्यंत जगली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा फरक! कुत्र्याला उपाशी ठेवा, असा याचा अर्थ नव्हे. त्याला लठ्ठ होऊ देऊ नका, एवढाच अर्थ.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब निराळा. पश्चिम बंगालात ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. तो अभ्यास २०१६ साली छापला गेला. शंभरांत फक्त १९ पिल्लं वयात येईपर्यंत जगली. शंभर मरणांपैकी ६३ मरणांशी माणसाचा संबंध होता. आता कोणी गल्लीतली म्हातारी कुत्रीच मोजली, तर म्हणेल, "रस्त्यावर कुत्री चांगली जगतात की!" मेलेली पिल्लं वहीत आलीच नाहीत, म्हणून हिशेब खोटा पडला.

म्हणून आम्ही सांगतो, जे गेलं त्याचीही नोंद करा. आणि लसीचा रकाना रिकामा ठेवू नका. पिसाळण्याविरुद्धची लस कुत्र्याला राखते, तशीच आपल्या मुलाबाळांनाही राखते.

आता तुम्ही करा :
१. आपल्या गल्लीतल्या दहा कुत्र्यांची नोंद वहीत करा.
२. त्यांतले चल कोणते? आकड्यांतले व शब्दांतले वेगळे लिहा.
३. किती कुत्र्यांना लस टोचलेली नाही? त्यांच्या मालकांना सांगा.