लिव्हरचंही विचार

अकोला

चि. मनूस,


दर्यापूर तालुक्यात आरोग्य केंद्रावर रुजू झालीस, फार आनंद झाला. तिकडच्या खारपाणपट्ट्यातला, खारं पाणी पिणारा माणूस किडनीला भितो. शुगर निघाली की आधी विचारतो, ‘मॅडम, किडनी तं ठीक हाये ना?’ लिव्हरचं कोणी विचारत नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं तरी ‘तेलकट कमी खा’ एवढ्यावर फाईल मिटते. तू तशी मिटू नकोस. टाइप-२ मधुमेहाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांच्या यकृतात चरबी असते. त्यातल्या कोणाचं यकृत कडक व्हायला लागलं, ते शोधणं तुझं काम. फेब्रुवारी २०२१ पासून फॅटी लिव्हर केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातही आहे.

कडक होणारं यकृत शोधायला मोठं यंत्र लागत नाही. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भाग. हा फिब-४. उत्तर १.३ च्या खाली, तर एक-दोन वर्षांनी पुन्हा काढ. पासष्टीपुढे हीच मर्यादा २ धर. या मर्यादेपासून २.६७ पर्यंतच्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. २.६७ च्या वर गेलं, तर थेट तज्ज्ञाकडे.

आता हे करून पाहा: वय ५८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.४ लाख. दोन्ही एन्झाइम नॉर्मल, माणूस दारूला न शिवणारा. उत्तर येतं २.७६. असे रुग्ण ‘रिपोर्ट चांगला’ ऐकून घरी जातात आणि पोटात पाणी झाल्यावर परत येतात. मला याचंच फार वाईट वाटतं.

अंगकाठीवर जाऊ नकोस. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३; चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून कंबर मोज: मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०.

सल्ला माणूस पाहून दे. दिवसभर कपाशी निंदून आलेल्या बाईला ‘रोज चाला’ म्हणू नकोस, तिला चहातली साखर विचार. गादीवर बसणाऱ्या ऐंशी किलोच्या दुकानदाराला मात्र सहा ते आठ किलो उतरवायलाच सांग. तेवढ्याने यकृताची सूज ओसरू लागते. दारू पूर्ण बंद. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे कोणते घेतो, तेही खोदून विचार. आणि फॅटी लिव्हर दिसलं म्हणून कोणाची कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बंद करू नकोस. या रुग्णांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकारच असतं.

मधुमेहाच्या जुन्या फायलींपासून सुरुवात कर. २.६७ च्या वरची नावं निघाली की फोन कर. कोणाला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि कोणाला अमरावतीला पाठवायचं, ते एकेक करून ठरवू.

तुझा
मामा