यीस्टचे वाण आणि नीटनंतरची घाई

साखर कारखान्यातल्या मळीचे इथेनॉल होते ते सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टमुळे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने 100 किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 51 किलो इथेनॉल मिळते. उरलेल्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. प्रत्यक्षात हा आकडा कधीच गाठला जात नाही. थोडी साखर यीस्टच्या वाढीत जाते, थोडी ग्लिसरॉलमध्ये. त्यात फर्मेंटर (किण्वनाची टाकी) तापतो, मळीतले क्षार जाचतात आणि अल्कोहोल वाढत गेले की यीस्ट स्वतःच्याच उत्पादनाने गारद होते. हे सगळे सोसून साखर शेवटपर्यंत संपवणारे वाण शोधणे आणि घडवणे हे एक स्वतंत्र काम आहे. बारावीनंतरच्या चर्चेत मात्र त्याचे नाव सहसा निघत नाही.

या कामाचा पाया कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत घातला गेला. 1883 मध्ये एमिल हॅन्सन यांनी तिथे एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणले. पुढे 1930 च्या दशकात ओजविंद विंगे यांनी यीस्टमध्येही लैंगिक प्रजनन होते हे दाखवले आणि दोन वाणांचा संकर करण्याची वाट मोकळी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने बीजाणू वेगळे करायचे, विरुद्ध प्रकारच्या पेशी एकत्र आणायच्या आणि संततीतून निवड करायची, ही मूळ पद्धत आजही चालते. अडचण अशी की कारखान्यातल्या यीस्टमध्ये बरेचदा गुणसूत्रांचा हिशेब सरळ नसतो; बीजाणू नीट धरत नाहीत, धरले तरी रुजत नाहीत. मग अतिनील किरणांनी उत्परिवर्तन घडवणे, पेशीभित्तिका काढून पेशींचा संयोग करणे, किंवा वाढत्या अल्कोहोलात शेकडो पिढ्या वाढवून तगलेले वाण निवडणे, असे मार्ग घ्यावे लागतात. क्रिस्परने नेमका जनुकबदल करता येतो, पण जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव वापरायचे तर भारतात 1989 च्या नियमांखाली परवानगी लागते. त्यामुळे जुन्या पद्धती अडगळीत गेलेल्या नाहीत.

ब्राझीलचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. तिथल्या डिस्टिलऱ्या हंगामभर तेच यीस्ट वेगळे काढून, गंधकाम्लाने धुऊन पुन्हा वापरतात. गुणसूत्रे तपासली तेव्हा कळले, की हंगामाच्या सुरुवातीला घातलेले बेकरीचे यीस्ट काही आठवड्यांतच नाहीसे होते आणि बाहेरून शिरलेली रानटी यीस्ट त्याची जागा घेतात. या तगलेल्यांतूनच पीई-2 आणि कॅट-1 हे नामांकित वाण निवडले गेले. म्हणजे महागड्या यंत्राइतकीच टाकीवर लक्ष ठेवण्याची चिकाटी इथे कामी आली.

प्रवेशाच्या घाईत मात्र असे काम कुणाला दिसत नाही. दरवर्षी नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पालकांचा एकच प्रश्न असतो: एमबीबीएस हुकले, आता बायोटेक चालेल का? नुसत्या नावावर लाखोंची फी भरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. प्रवेशाआधी एवढेच विचारावे, की विद्यार्थी फर्मेंटर स्वतः चालवतात का, की भिंतीवरचा तक्ता बघतात. उत्तर गुळमुळीत आले तर साध्या, चांगल्या महाविद्यालयातली सूक्ष्मजीवशास्त्राची बीएस्सी शंभर पटींनी बरी. पुढच्या वाटा ओळखीच्या आहेत: जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, नाहीतर केमिकल इंजिनीअरिंगकडून फर्मेंटेशनकडे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते, आणि पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ऊसपट्ट्यातल्या घरांना हे दोन्ही हाकेच्या अंतरावर असून ठाऊक नसते.

ठाऊक झाले तरी घरातून दुसरी हरकत येते: दारूच्या कारखान्यात मुलगी पाठवायची? ही हरकत लग्नाच्या बाजारातली आहे, तिचा कामाशी संबंध नाही. डिस्टिलरीतले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते; 20 टक्के मिश्रणाचे 2030 चे उद्दिष्ट सरकारने 2025 वर आणले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये आणलेली हिपॅटायटिस-बीची लस पिकिया या दुसऱ्या यीस्टच्या साहाय्याने बनवलेली होती. इन्सुलिनही यीस्टकडून करून घेतले जाते. आवड असलेल्या मुलीला केवळ लोकलाजेखातर या क्षेत्रातून ओढून काढणारे पालक तिचे नुकसान करतात, मग त्याला काळजी म्हणा नाहीतर संस्कार.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या आधीच कळलेल्या बऱ्या. निव्वळ वाण घडवण्याच्या जागा थोड्या असतात आणि त्यांना बहुधा पीएचडी लागते. पहिली नोकरी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत, मेथिलीन ब्लू टाकून जिवंत-मेलेल्या पेशी मोजण्याची. गळीत हंगामात रात्रपाळीही, आणि स्पेंटवॉशचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, वास कपड्यांतून जात नाही. धोरणेही हलतात: डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते. म्हणून मळीबरोबर मका आणि तांदळाच्या किण्वनाचेही शिक्षण घ्यावे. तिथे आधी विकरांनी स्टार्चची साखर करावी लागते आणि यीस्टकडून अपेक्षाही वेगळ्या असतात.