बंद पडलेल्या इंजिनाला विचारा

महालातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेली जावा मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. आजोबांनी ती कित्येक वर्षे चालवली; आता ती सुरू होत नाही. घरात कोणी म्हणते, "भंगारात द्या." कोणी म्हणते, "सगळे इंजिनच खोला." पण खोलण्याआधी इंजिनालाच काही प्रश्न विचारता येतात.

भारतात जावा गाड्या १९६१ पासून म्हैसूरला बनू लागल्या. पुढे त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिमी असून दट्ट्या ७५ मिमी सरकतो. त्यावरून आकारमान काढा: ३.१४ × ३.२५ × ३.२५ × ७.५ = सुमारे २४९ घन सेंमी. यालाच आपण २५० सी.सी. म्हणतो.

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. दट्ट्या वर जाताना त्याच्या वरचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी खालच्या क्रँककेसमधला दाब कमी होऊन कार्ब्युरेटरमधून हवा व पेट्रोल आत ओढले जाते. दट्ट्या खाली आला की हे नवे मिश्रण बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच झाला. हे ध्यानात ठेवा.

आता तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: दाब आहे का? प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हवेने अंगठा जोरात उडाला तर ठीक. नाहीतर रिंगा झिजल्या असतील. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजा. ती सुमारे पाव मिलिमीटर असावी.

दुसरा: ठिणगी आहे का? पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा, पण भोकापासून दूर. किक मारल्यावर ठिणगी दिसली नाही तर पॉइंट साफ करा. ते पूर्ण उघडल्यावर फट सुमारे ०.४ मिमी हवी.

तिसरा: पेट्रोल पोहोचते का? प्लग बसवून, कॉक उघडून चारपाच किका मारा आणि प्लग पुन्हा काढा. तो कोरडाच असेल तर जेट तुंबला आहे. वर्षानुवर्षे साठलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट डिंकासारखा थर राहतो.

तिन्ही उत्तरे 'होय' आली आणि गाडी सुरूही झाली. पण रेस सोडली तरी इंजिन भरधावच फिरते, आणि प्लगचे टोक पांढरट दिसते. केबल अडकलेली नाही, कार्ब्युरेटरचा जोडही घट्ट आहे. मग दोष कुठे?

आपला पंप आठवा. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. पडून राहिल्याने ते कडक होतात, तडकतात आणि तिथून जादा हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, एका लिटरला ४० मिलिलिटर ऑइल या प्रमाणात. म्हणून पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी! नागपूरच्या मे महिन्यात असे इंजिन दामटले तर दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होतो. थोड्या पैशांच्या सीलपायी सिलिंडर आणि दट्ट्या दोन्ही जातात.

एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत नोंदवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशामुळे सुरू झाली हे कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेतही हाच नियम असतो.

काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, उघड्या अंगणात करा. जवळ विस्तव नको. बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

शेवटी एक कोडे. जावाच्या डाव्या सीलपलीकडे गिअरचे तेल असते. एका गाडीचे हे तेल सारखे कमी होते, खाली थेंबही सांडलेला नाही, धूर मात्र दाट येतो. तेल गेले कुठे?